सीपीयूत मारलेली हवा

आमच्या घरातला संगणक मी बिघडवला नाही. मी फक्त त्यात हवा मारून आणली.

संगणक बारा वर्षांचा. माझी बायको स्मिता त्यावर लग्नपत्रिका तयार करून छापखान्याला पाठवते. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळून ठेवायचे, तोवर पडद्यावर काहीतरी दिसू लागायचं. (कधी कधी कपच आधी वाळायचे.) मधेच तो असा घरघरायचा की शेजारीण विचारायची, "मिक्सर नवा घेतलासा व्हय?"

मी नवा घ्यायच्या पक्षात होतो, आई दुरुस्तीच्या. "माझी शिलाई मशीन चाळीस वर्सं पळतीया. ह्येला कधी तेल घातलंस का?" हा तिचा बिनतोड मुद्दा.

स्मिताचं म्हणणं वेगळंच. "नवा घ्या, न्हाईतर जुना नीट करा. पर माझ्या डिझाइनना काय व्हायला नको."

आठ वर्षांत केलेल्या तिच्या सगळ्या पत्रिका, जमवलेल्या वेलबुट्ट्या, गणपतीची साठ रूपं त्या डब्यात होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण प्रत काढून ठेवायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं. आज करू, उद्या करू म्हणत मी ते दोन वर्षं लांबवलं होतं.

अशात खंडेनवमी आली. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं धुऊन-पुसून पूजेला मांडायचं, ही आमची रीत. विळा, शिलाई मशीन, स्कूटर आणि अर्थात संगणक. सीपीयूच्या जाळीतून धुळीचे पुंजके लोंबत होते. स्कूटर धुवायला न्यायचीच होती, म्हटलं यालाही न्यावं. (धुवायला नव्हे, एवढी अक्कल मला होती.) स्मिता झेंडू आणायला गेली होती. सीपीयू स्कूटरवर दोन पायांत धरून मी निघालो आणि पंक्चर काढणाऱ्या बशीरभाईंसमोर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी डबा चारी बाजूंनी न्याहाळला. "पावणं, हवा कुठनं भरायची ह्येच्यात?"

"भरायची न्हाई, मारायची. आतली धूळ घालवायची."

"किती पौंड?"

मला काय ठाऊक? पण अडाणी दिसायला नको म्हणून मी ठामपणे सांगितलं, "ट्रकला मारतासा तेवढी."

पहिल्या झोतात बारा वर्षांची धूळ उडाली. दुसऱ्या झोतात एक कोळी बिऱ्हाडासकट बाहेर पडला. मी खूश होऊन म्हणालो, "आनि मारा." तिसऱ्या झोताबरोबर हवेच्या टाकीत साचलेलं पाणी फवाऱ्यासारखं आत शिरलं.

"पाणी साठतंय टाकीत कवा कवा," बशीरभाई शांतपणे म्हणाले. "टायरला कायबी होत न्हाई."

घरी येऊन मी सीपीयू बाहेरून पुसला आणि (खरी चूक ही) कुणाला काही बोललो नाही. आईनं हळद-कुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. स्मितानं हात जोडून बटण दाबलं. आत फट्‌कन आवाज झाला आणि हारामागून धूर निघाला.

"उदबत्त्या जास्त झाल्या वाटतं," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला नवा संगणक डोळ्यांसमोर दिसला. मग स्मिताकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालीच बसली. "कोडोलीच्या लग्नाची पत्रिका आत हाय. उद्या द्यायची हाय. आनि आठ वर्साचं बाकीचं..." मला माझीच लाज वाटली. ट्रकच्या हवेपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत मी सगळं कबूल केलं.

तसेच आम्ही शाहूपुरीत दुरुस्तीच्या दुकानात गेलो. (हार काढायचंही सुचलं नाही.) दुकान कागलच्या वैशालीताई चालवतात. त्यांनी हार बाजूला ठेवला, कुंकू झटकलं आणि झाकण उघडलं.

"वीज पुरवणारा भाग जळालाय, त्यो बदलते. डिस्क कोरडी हाय. तुमचं सगळं जाग्यावर असणार."

"मग नवा घ्यायला नको?" मी विचारलं.

"कशाला? धूळ गेलीया, आता तापायचा न्हाई. अजून चार वर्सं पळंल ह्यो."

माझी मान जरा वर झाली. "म्हंजे हवा मारल्याचा उपेग झाला की."

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी मान पुन्हा खाली घातली.

तासाभरात संगणक सुरू झाला. कोडोलीची पत्रिका उघडली, साठही गणपती जागच्या जागी होते. स्मितानं सगळ्याची प्रत तिथेच, स्वतःच्या हातानं काढली. आता ती हसत होती. "ताई, परत बिघडू नये म्हणून आनि काय बदलायचं असंल तर आत्ताच सांगा."

वैशालीताईंनी माझ्यावर नजर टाकली. "मशीनमधलं काय न्हाई."

"त्ये बदलून मिळत न्हाई हो," स्मिता म्हणाली. "वीस वर्सं दुरुस्त करूनच वापरतीया."

मी गुपचूप सीपीयू उचलला. दुकानाच्या दारावर 'जुना द्या, नवा न्या' अशी भलीमोठी पाटी लावलेली होती. स्मिताची नजर तिकडे जायच्या आत मी तिला घाईघाईनं बाहेर काढलं.