दोन वर्षांच्या कागदावरची एक ओळ

२०१२ साल, मी शेहेचाळीस वर्षांचा. बक्कल चमकवायच्या ब्रासोचा वास आला की कतारमधला, दोह्यातला तो दिवस आठवतो. पलटणीतून हवालदार होऊन सुटलो होतो, पण रिझर्व्हचे चौदा महिने बाकी होते; बोलावणं आलं की असेल तिथून हजर व्हायचं, असं लिहून दिलेलं. अल थुमामात एका बांधकामाच्या गेटवर तीन महिने कच्ची ड्यूटी केली, तेव्हा कुठं पक्क्या नोकरीचा कागद हातात आला. मी जेमतेम आठवी. खोलीतल्या चिपळूणच्या एसी मेकॅनिककडून तो वाचून घेतला. "दोन वर्षं मधी सोडून जाता येणार नाय, हवालदार. करा सही. तुमचं गुडघं बघून दुश्मनच हसंल!" "हसू दे," म्हटलं, "शब्द पलटणीला आधी दिलाय." कंपनीच्या ऑफिसातल्या एसीच्या गारठ्यात घामानं भिजलेला शर्ट पाठीला चिकटला होता. तिथल्या साहेबाला म्हटलं, पलटणीनं बोलावलं तर जाईन, एवढी ओळ घाला, मग सही. "चाचा, लड़ाई कहाँ है? साइन करो, यल्ला, जल्दी!" मी पेनला हात लावला नाही. त्यानं कागद ओढून घेतला. "खलास. कल से कंपनी की बस में मत बैठना." पलटणीतून मला कोणी बोलावणार नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. आज साठीतही त्या ओळीशिवाय सही करणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्रासोनं बक्कल घासलं, कडक इस्त्रीचा ड्यूटीचा ड्रेस चढवला; बसमध्ये बसू नको म्हणाला होता, बसलो नाही, दोन तास चाललो आणि बस यायच्या आधी गेटवर उभा राहिलो.