हळद-मीठ लावलेला नमुना

आमच्या घरात औषधाची बाटली विकणाऱ्याला ‘सर’ म्हणतात आणि शिकलेल्या बाईला ‘तू गप’. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. दादाच्या तळ्यावर त्याची उजळणी झाली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पन्नाशीला आल्यावर कंपनीतली नोकरी सोडून त्याने पालीजवळ (रायगडातली गणपतीची नव्हे, इकडची कोळीवाड्याची पाली) खाडीकाठचं एक तळं भाड्याने घेतलं आणि त्यात जिताडे सोडले. आम्ही मूळचे रायगडचे, तेव्हा जिताडा आपल्याला जन्मतःच कळतो अशी त्याची समजूत. मासे हातभर झाले आणि त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले. शेपट्या झडायला लागल्या, रोज सकाळी काही मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले. तळं गेलं असतं तर या वयात त्याला कोणी दारातही उभं केलं नसतं. त्याची मला खरंच भीती वाटत होती.

दादाने काय करावं? केबिन रोडवर शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाला त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. हे ते सर.

“सर बोलले, व्हायरस आहे. अँटिबायोटिक दिलंय, पाण्यात ओततोय.”

“अरे, व्हायरसला अँटिबायोटिक?”

“तू गप. ते रोज मासे बघतात.”

मीही रोज जिवाणूच बघते. अन्न-पाण्याचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये माझे केस पिकले. पण काचेच्या टाकीत गोल्डफिश फिरवणारा सर आणि मी मात्र गप! एवढ्या मोठ्या तळ्यात एक बाटली ओतायची म्हणजे दर्या में खसखस. त्यातून जिवाणू मरत नाहीत, शहाणे होतात. आमच्या दादापेक्षा लवकर होतात.

मी म्हटलं, निदान एक आजारी मासा तरी पाठव, तपासते. दुसऱ्या दिवशी वहिनीने स्टीलचा डबा पाठवला. आत जिताडा होता. खवले काढलेला, पोट साफ केलेला, कण्यालगतचं काळं रक्त बोटाने खरवडलेलं, आणि वरून हळद-मीठ. ते काळं रक्त म्हणजेच माशाचं मूत्रपिंड, आणि मला हवं होतं नेमकं तेवढंच.

फोन केला तर वहिनी म्हणाली, “अहो ताई, नणंदेच्या घरी मासा तसाच पाठवायचा? लोक काय बोलतील?”

कोण लोक? जिवाणू?

शेवटी मीच गेले. कडेला भोवंडत पोहणारा जिवंत मासा पकडला, तिथेच कापला आणि मूत्रपिंडातून नमुना घेतला. लॅबमधल्या बशीत पिवळे ठिपके उगवले. खाऱ्या पाण्यातले नेहमीचे जिवाणू. त्याच बशीत सरांच्या औषधाची चकती ठेवली तर जिवाणू तिला खेटून आरामात वाढले. दुसऱ्या एका औषधाभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ उमटलं. रोगाचं मूळ तर उघड्यावरच पडलं होतं. शेजारच्या चौक गावच्या बंदरावर उरलेला, उन्हात कुजलेला मासा दादा खाद्य म्हणून टाकत होता, आणि सरांच्याच सांगण्यावरून तळ्यात दाटीवाटीने मासे भरले होते.

मी सगळं सांगितलं. दादाने जांभई दिली. “सरांना विचारतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन नवऱ्याला फोनपुढे बसवलं. तो बँकेत काम करतो. माशाचं त्याला एवढंच कळतं की काटा घशात अडकतो. मी सांगायचं आणि त्याने बोलायचं. कुजकं खाद्य बंद. निम्मे मासे दुसऱ्या तळ्यात. भरतीला बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उघडून पाणी बदला. माशांच्या डॉक्टरकडून डोस लिहून घ्या, औषध पाण्यात नाही, खाद्यात द्या. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकही मासा विकू नका.

“बरोबर आहे भावोजी,” दादा म्हणाला, “हे कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.”

मासे वाचले. दादाही वाचला. आता चौकवरून, पालीवरून माझ्या नवऱ्याला फोन येतात. “सर हायत का? आमच्या तलावानपण मासं मरतान.” आणि हा निर्लज्ज माणूस खाकरून म्हणतो, “मूत्रपिंड बघावं लागेल.”

डॉक्टरने परवानगी दिल्यावर दादाने पहिला जिताडा पाठवला, अर्थातच साफ करून, हळद-मीठ लावून. सोबत वहिनीचा निरोप: डोकं भावोजींना वाढा, त्यांच्याच डोक्याने तळं वाचलं.

मी कालवण केलं. नवऱ्याला शेपटीचा तुकडा वाढला आणि डोकं माझ्या ताटात घेतलं. तो काहीतरी बोलायला गेला.

“तू गप,” मी म्हटलं, “जेव.”