विहिरीजवळचा गुलाब

दिवाळी सरली की मार्थाबाई मोठी कात्री घेऊन आपल्याच गुलाबांवर तुटून पडायच्या. शिरूरला मिशनच्या आवारात आमची घरं लागून होती. लग्न होऊन आले त्याच हिवाळ्यात मी ते पाहिलं आणि हळहळले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पोरी, आत्ता छाटलं तर नाताळाला फुलंल. माया केली तर नुस्ती पानं." मग मुळं उघडी करून त्यांना ऊन द्यायचं आणि शेणखत भरायचं.

विहिरीजवळचं पांढऱ्या गुलाबाचं एक झाड मात्र त्या राखून ठेवत. छाटणीनंतर बागेत नाताळापर्यंत फूल नसे, आणि तेवढ्यात आवारात कुणी गेलं तर शवपेटीवर ठेवायला फुलं त्यांच्याकडूनच जायची. "मरान काय नाताळासाठी थांबतंय व्हय?" म्हणायच्या. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही. मला त्या आवडायच्या.

एका वर्षी त्यांची एकुलती एक लेक रूथ दौंडहून माहेरी आली, ती क्षयानं पार खंगून. रेल्वेत नोकरीला असलेला जावईच तिला पोचवून गेला. पडवीत खाट पडली. त्या वर्षी सगळी बाग छाटून झाल्यावर मार्थाबाई विहिरीकडे वळल्या. झाड कळ्यांनी लगडलेलं होतं. अहो, ते मौतीचं झाड ना, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी ते कळ्यांसकट खाली आणलं.

"यंदा माझ्या घरात मौतीची तयारी न्हाई," त्या म्हणाल्या.

छाटलेल्या काड्यांना नीट कोंबही फुटले नव्हते, तोच रूथ गेली. शेजारणीनं परसातला झेंडू आणला. मार्थाबाईंनी तो परत केला. "तिच्या आईची बाग हाय. दुसऱ्याचं फूल नगं." पेटी उघडीबोडकी गेली. असलं मरण मी पुन्हा पाहिलं नाही.

नाताळात बाग अशी फुलली की बघवत नव्हतं. बाकीची फुलं मिशनच्या देवळात गेली. विहिरीजवळच्या झाडाला मात्र त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही. त्याची फुलं जागच्या जागी गळून गेली.

पुढे दरसाल त्या बाग छाटत राहिल्या, ते एक झाड सोडून. त्या स्वतः गेल्या, तेव्हाही बाग नुकतीच छाटलेली होती. मी कात्री घेऊन विहिरीपाशी गेले. झाड पांढरंशुभ्र झालं होतं, आणि तिथं मला रडू फुटलं. निम्मी फुलं त्यांच्या पेटीवर ठेवली. उरलेली शेजारी रूथच्या कबरीवर वाहिली. तिची द्यायची राहिली होती.