मागच्या दाराची फट

आमच्या जुन्या गाडीची मागची दारं कायमची बंद करून बाजू सलग गुळगुळीत करायची, हे माझ्या नवऱ्यानं मला न विचारताच ठरवलं. आमची एकुलती एक लेक वारली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "मागे आता बसणार कोण?" म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शिवाजीनगरच्या गॅरेजात दारांच्या फटींवर पत्रा जोडून, पुट्टी भरून, घासून वर रंग मारला. गाडी आणायला गेलो तेव्हा तिथले कानडी मिस्त्री अण्णा कौतुकानं म्हणाले, "अक्का, स्वल्प हात फिरवून बघा. सांधा लागतोय का?"

मी हात फिरवला. सांधा लागला नाही. याच फटीत लेकीची ओढणी हमखास अडकायची. तिच्या ओढण्यांची टोकं कायम ग्रीसनं काळी. त्यामुळे तिला विचारल्याशिवाय हा गाडी कधी सुरूच करायचा नाही.

आम्ही दोघं पुढे बसलो. त्यानं चावी लावली, समोरच्या आरशात पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "ओढणी आत घेतलीस ना गं?"