झोळीखालचा चहा

कॉलेजच्या लॅबमध्ये एक रबरी बाळ होतं. एक बटण दाबलं की रडायचं, दुसरं दाबलं की निळं पडायचं. मुलांच्या नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करायला आले तेव्हा वॉर्डातली काही वर्षांची नोकरी माझ्या गाठीशी होती. त्यामुळे त्या रबरी दंडाला पट्टा बांधताना मला आधी हसू यायचं आणि मग राग. खरी मुलं लाथा मारतात, अंगावर ओकतात. हे शहाणं बाळ छताकडे बघत पडून राहायचं. लॅबला कुलूप लावायची पाळी माझी असली की मी त्याच्या तोंडावर फडकं टाकून जायचे. उघड्या डोळ्यांचं बाळ बंद खोलीत एकटं ठेवायला मला आवडायचं नाही.

माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. "मुलांच्या वॉर्डात शिरलात की रडणाऱ्याकडे धावू नका. तो 'मी आहे' असं ओरडून सांगतोय. गप्प पडलेल्याकडे आधी जा." हे मी पाठ केलं होतं. पण पाठ केलेलं ऐनवेळी आठवतंच असं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी आंदर मावळातल्या एका वाडीत जायला लागले. तान्ह्या मुलांची वजनं घ्यायची, आयांशी बोलायचं, असं काम. भाताची लावणी उरकली होती आणि धुकं असं उतरलं होतं की भर दुपारी पुढच्या माणसाची फक्त छत्री दिसायची. एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढं चालत. वाडीतली आशाताई मला घरोघरी न्यायची. कोणत्या घरी बाळंतीण आहे, कुणाचं लसीकरण राहिलंय, सगळं तिच्या तोंडावर असायचं.

"आता जातोय त्या घरचं बाळ लय गुणी," ती वाटेत म्हणाली. "रडत न्हाई, कुरकुरत न्हाई. घरातलं म्हातारंच परत आलंय ना पोटाला."

"कुठलं म्हातारं?"

"बाळाचा आजा. वैशाखात गेलं. सुनंला तवा सातवा लागला व्हता."

मी मान डोलावली. लोणावळ्याला आमच्या घरी गेलेला माणूस परत येतो असं कुणी मानत नाही. अब्बांचं भांड्यांचं दुकान, पाच वेळची नमाज आणि उरलेल्या वेळात गिऱ्हाईक. भुताखेतांना तिथं सवड नाही. पण तान्ह्या मुलाला काजळाचा ठिपका लावल्याशिवाय अम्मीही उंबरा ओलांडू देत नाही. तेव्हा मी कोण हसणार?

घराचं दार उघडंच होतं आणि धुकं आत शिरलेलं. तुळईला बांधलेली झोळी आधी दिसली, मग तिच्याजवळ बसलेली आजी. मी पुढं झाले तशी ती ओरडली, "पाय सांभाळ पोरी! त्येंचा च्या हाये."

झोळीच्या बरोबर खाली जमिनीवर कपबशी होती. कोऱ्या चहाची वाफ निघत होती.

मी झोळीत डोकावले. दीड महिन्याचं मूल. चेहरा रुंद, पापण्या सुजल्यासारख्या, कपाळाला आठ्या, ओठांतून जिभेचं टोक बाहेर. त्यानं डोळे सावकाश माझ्याकडे वळवले. ओळख नसलेल्या पाहुण्याकडे घरातला कर्ता माणूस बघतो, तसं ते माझ्याकडे बघत राहिलं. मी आजवर शेकडो मुलं हाताळली असतील, पण या मुलाला उचलायच्या आधी मी क्षणभर थांबले.

तेवढ्यात शेजारची एक बाई चपला बाहेर काढून आत आली. झोळीला हात जोडून म्हणाली, "आबा, आमच्या शेताचा बांध कुटवर, तेवढं सांगून जावा. तुमी मोजलं व्हतं तवा." मी आशाताईकडे पाहिलं, आता ही हसेल म्हणून. कुणीच हसलं नाही.

वजन करायला बाळाचे कपडे काढले. गारठ्यात उघडं केल्यावर कुठलंही मूल घर डोक्यावर घेतं. हे गप्प. अंगाला हात लावला तर गार, खरखरीत. पोट मोठं, बेंबी वर आलेली. "बगा, किती समजूतदार," आशाताई कौतुकानं म्हणाली.

मग सुनेनं त्याला पाजायला घेतलं. तिशीच्या आतली पोरगी, पण बसली कशी, तर डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढून, तोंड भिंतीकडे फिरवून. पदराआडून बाळ दोनचारदा चोखायचं आणि पेंगायचं.

"अगं, त्याच्याकडे बघ तरी," मी म्हणाले. "बाळाशी बोलत बोलत पाजावं."

तिनं पदर अजून पुढं ओढला. उत्तर आजीनं दिलं. "कशी बगंल? सासरं हाये तिचं."

नाव काय ठेवलंय, असं विचारलं तर आजीला माझंच नवल वाटलं. "त्यास्नी नाव हाये की!" म्हणजे बारसं झालंच नव्हतं. आजोबांचं तेच नाव, आणि सासऱ्याचं नाव सून कसं घेणार? जन्मल्यापासून त्या पोरीनं स्वतःच्या मुलाला एका नावानं, एका शब्दानं हाक मारलेली नव्हती. हे माझ्या आत्ता ध्यानात आलं.

आणि तेव्हा बाळानं आवाज काढला. त्याला रडणं म्हणवत नव्हतं. जाड, घोगरा, तळातून खरवडून आल्यासारखा आवाज. आजीनं ताडकन कपाळाला हात लावून नमस्कार केला. बाळाचा बाप नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला, इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसला होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ. मांडवात एक म्हातारा खाकरून कुणाला तरी बोलवत होता. तोच आवाज. व्हिडिओ संपला, घर शांत झालं, आणि पदराआडून तो आवाज पुन्हा आला.

मी घाईघाईनं सामान आवरलं आणि निघाले. भ्याले होते, दुसरं काय?

गोठ्याच्या वळणावर मागून पावलं वाजली. सून होती. डोक्यावरचा पदर आता खांद्यावर होता आणि चेहरा पहिल्यांदाच नीट दिसत होता.

"सिस्टर, मला भ्या वाटतं," ती म्हणाली. "मामंजी लय भला माणूस. कदी मान वर करून माज्याकडं बगितलं न्हाई. आन आता ह्ये…" तिनं छातीवर हात आवळून धरला. "पाजताना मेल्याहून मेल्यागत हुतं. आन मामंजीच आलं म्हनत्यात, तर माजं लेकरू कुटं हाये? माज्या पोटात व्हतं त्ये कुटं गेलं?"

परवा येते, असं पुटपुटून मी धुक्यात चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणावळ्यात आमच्या गल्लीतही तेच धुकं होतं. अब्बांनी दुकानाचं शटर वर करता करता घसा खाकरला आणि माझ्या हातातली बशी खाली पडली. "पोरीला झालंय काय?" म्हणून अम्मी बघत राहिली.

कॉलेजात गेल्यावर मी मॅडमना हा प्रकार सांगितला, तो भुताची गोष्ट सांगावी तसाच. त्या हसतील, चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रडू कसं होतं म्हणालीस?"

"घोगरं."

"जीभ?"

"बाहेर."

"बेंबी?"

"फुगलेली."

"डोळे?"

"अजून पिवळट वाटले."

"शी रोज होते?"

"चारचार दिवस नाही, असं आशाताई म्हणाली."

"हात-पाय?"

"गार."

प्रत्येक उत्तर माझ्याकडे तयार होतं. परीक्षेत हीच लक्षणं आली असती तर मी डोळे मिटून 'जन्मजात थायरॉईडची कमतरता' असं लिहून मोकळी झाले असते. पण त्या घरात आवाज कुणाचा, एवढंच सगळे ऐकत होते, आणि त्या सगळ्यांत मीही होते. आवाज असा का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"जन्मल्यावर अशी मुलं छान दिसतात, कुणाला शंका येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मेंदू वाढायला जे लागतं ते त्याच्या अंगात तयार होत नाहीये. रोज थोडं थोडं जातंय. आणि त्यातलं गेलेलं परत येत नसतं. परवा नाही, आजच जा."

कॉलेजची गाडी घेऊन मी दुपारी दारात हजर. बाप कारखान्यात. घरात आजी, सून आणि झोळी. झोळीखाली चहा.

मी समजावून सांगितलं. गळ्यातली ग्रंथी, रक्ताची तपासणी, रोजची एक बारीक गोळी. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यास्नी सुई टोचायची? आमी न्हाई नेऊ देनार. आलेत आपल्या मनानं, ऱ्हातील आपल्या मनानं."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. मूल मंद होईल, चालणार नाही, बोलणार नाही, असं स्पष्ट सांगून टाकलं. तर आजी म्हणते, "ह्ये कुटं जास्ती बोलायचं आदीबी!" पालथ्या घड्यावर पाणी. माझा स्वभाव तापट आहे. वॉर्डात असते तर दोन शब्द सुनावले असते. इथं मी दात आवळून भलताच प्रश्न विचारला.

"आजी, आबा गेले कशानं?"

"घसा बसला. मग दम लागला."

"दवाखान्यात नेलं होतं?"

तिनं झोळीला एक झोका दिला. "न्यायचं म्हनलं तवा यष्टी निघून गेलती. उद्या नेऊ म्हनलं. उद्याला ऱ्हायलंच न्हाईत."

झोळीतून तो आवाज आला. आम्ही तिघींनी ऐकला.

"आजी," मी म्हणाले, "आबांचा घसा परत बसलाय. या खेपेला गाडी दारात उभी आहे."

भिंतीपाशी उभ्या असलेल्या सुनेनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कालच तिनं मला विश्वासानं विचारलं होतं, माझं लेकरू कुठं आहे म्हणून. आणि आज मी तिच्या देखत तिचं लेकरू पुन्हा म्हाताऱ्याच्या नावावर केलं. तिची ती नजर मला बोचली. पण तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तेच बोलेन.

आजी उठली. खुंटीवरची म्हाताऱ्याची घोंगडी काढली आणि तीत बाळाला स्वतःच्या हातानं गुंडाळलं. गाडी तळेगावच्या दवाखान्याकडे निघाली. सून पदर ओढून बसली होती, घोंगडीतून मधूनच ते खाकरणं यायचं आणि दर वेळी आजी म्हणायची, "आलंच, आलंच, पोचलोच आता."

तपासणीत मॅडम म्हणाल्या तेच निघालं. त्याच दिवशी गोळी सुरू झाली. रोज सकाळी आईच्या दुधात विरघळवून चमच्यानं द्यायची. "उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले, "पण हातचं गेलेलं नाही. किती भरून निघतंय ते मूल वाढताना कळेल." सुनेला चमचा धरायला शिकवताना माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही.

भाताला लोंब्या धरल्या तेव्हा मी पुन्हा त्या वाडीत गेले. धुकं होतंच. गोठ्याच्या वळणावर पोचले आणि पुढून, काही दिसायच्या आधी, आवाज आला. बारीक, टिपेचा, कान किटवणारा. जगातलं कुठलंही तान्हं मूल रडेल तसा. मी चिखलातून धावतच सुटले.

सून ओट्यावर उभी होती. डोकं उघडं, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर पोर. "गप की रं माकडा, किती वरडशील! सिस्टर, बगा की, रातभर डोळ्याला डोळा लागू देत न्हाई हे माकड!" माकड ती अगदी तोंड भरून म्हणत होती. मी बाळाचा पाय हातात घेतला. पाय गरम होता आणि त्यानं मला लाथ मारली.

आजी आत बसली होती, रिकाम्या झोळीजवळ. खाली कपबशी होती, वाफ निघत होती. मी सवयीनं ती चुकवून बसायला गेले, तर तिनं कपबशी उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"घे. त्यास्नी आता लागायचा न्हाई."

मी कप घेतला. बाहेर पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला रागवत होती.

"चांगलं रडतोय, आजी," मी म्हणाले.

"चांगलंच हाये की. माजा नातू हाये त्यो." तिनं बाहेर कान दिला. मग म्हणाली, "येकडाव दवाखान्यात न्हेलं न्हाई, म्हनून गेलं. आन येकडाव न्हेलं, म्हनून गेलं."

मी तो चहा संपवला. तिनं कप विसळला आणि फळीवर सगळ्या कपांच्या मागं पालथा घातला.