तळाची डाळ

इतवारीतल्या पिठाच्या चक्कीवर ती दर सोमवारी यायची. नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात माळ होती, म्हणजे अंडं-मटण बंद. रेशनच्या गव्हाचा डबा उतरवला की ती स्वतः धान्याच्या काट्यावर उभी राहायची. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. चक्कीवाला म्हणायचा, "बाई, तुमचंबी दळण लावू काय?" ती हसायची.

वजन उतरलं. पण पावसाळा संपेपर्यंत केसही गेले आणि डबा उचलताना हात थरथरायला लागले.

मी म्हटलं, "अवं, डाळ काहून नाही खात?"

"डाक्टरबी तेच म्हणे, भात सोड, डाळ खा. भात सोडला मी. पन वरणातली डाळ तळाशी बसते वं बाई. थे माणसायच्या ताटात जाते. मी मागून जेवतो, मले वरचं पाणी."

"मंग आधीच वाटीभर काढून ठेव ना!"

"तू ठेवतं का?"

मी माझा पिठाचा डबा उचलला. घरी आले आणि नवऱ्याला, मुलांना पळी तळापर्यंत घालून वाढलं.

दिवाळीनंतर ती चक्कीवर आली नाही. मी तसंच वाढत राहिले.