दगडावर तळवे टेकवणारा भाडेकरू

माझा स्वभाव संशयी आहे, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापापासून नवऱ्याच्या बदलीच्या ऑर्डरपर्यंत मी काहीच एका दमात खरं मानलेलं नाही. त्या दुष्काळाच्या वर्षांत तर या स्वभावाला चांगलंच काम मिळालं. गारखेड्यात एकीकडे नव्या बिल्डिंगी उठत होत्या आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. तेही कधी येईल याचा नेम नसायचा.

आमच्या गच्चीवरच्या खोलीत तेव्हा पश्चिम आफ्रिकेतला एक विद्यार्थी राहायचा. विद्यापीठात संशोधन करत होता, प्रबंध द्यायला तीन महिने उरले होते. नवरा बदलीच्या गावी, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई. खोली द्यायचं त्यांनीच ठरवलं होतं. आम्ही फुलबे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारे, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. पहिली गाय पाण्यातून वर आली असं त्याच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, हेही सांगितलं. पिशोरला गाईगुरांत आयुष्य काढलेल्या सासूबाई तिथंच विरघळल्या. मी विरघळले नाही. त्याच्या दंडाला चामड्याचा ताईत होता. आत कुराणातल्या ओळी आहेत, असं तो म्हणायचा. आता ते उघडून कोण बघणार?

तो पाच वेळा नमाज पढायचा. म्हणजे पाच वेळा हातपाय धुणं आलं. मी हौदाच्या भिंतीवर खिळ्यानं रेघ मारली. दोन दिवसांत पाणी वीतभर खाली. आम्ही दोघी बायका मोजून पाणी वापरणाऱ्या, मग बाकीचं गेलं कुठं?

एका सकाळी मी त्याला जिन्यातच अडवलं. "हौद का पानी तुम लेते ना?"

त्यानं मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी पुन्हा विचारलं, तरी तेच. मला तेवढं पुरलं. महिनाअखेर खोली खाली कर, असं बजावलं. "जी अम्मा," एवढंच म्हणून तो गेला. आमच्याकडे यायच्या आधी या माणसाला सहा घरांनी दारातूनच परत पाठवलं होतं. प्रबंध तोंडावर आलेला असताना तो कुठं जाईल, हे मला कळत होतं. कळूनच बोलले.

दोन दिवसांनी दुपारी मी कुरडया वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. त्याची खिडकी उघडी होती. त्यानं फडक्यातून एक चपटा दगड काढला, त्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि ते तोंडावरून फिरवले. मग पुन्हा टेकवून हातांवरून. ताईत, दगड आणि वर तोंडातून शब्द न काढणं! ही करणीच, अशी माझी खात्री झाली. मी खाली धावले आणि सासूबाईंना दंडाला धरून वर आणलं.

त्या गुडघे चोळत उंबऱ्यावर बसल्या. त्याचा नमाज संपेपर्यंत मला बोलू दिलं नाही. मग म्हणाल्या, "काय रं बाळा, त्या दगडासंगं काय करतूस?"

मी तेच हिंदीत विचारलं. तो खाली बसला.

"अम्मा, नमाज से पहले हाथ-मुँह धोने को पानी कम हो तो साफ पत्थर या मिट्टी चलती है. हमारे गाँव में सूखे में पानी पहले गाय का, फिर आदमी का. यहाँ भी टँकर की लाइन देखी, तब से यही करता हूँ."

"मग हिनं इचारलं तवा का नाय बोललास?"

त्यानं दगड पुन्हा फडक्यात गुंडाळला. मग म्हणाला, घरच्या मोठ्या बाईशी वाद घालणं आमच्यात लाजेचं मानतात. आरोप आला तरी सोसायचं, तोंडावर दुखणं दिसू द्यायचं नाही. तेवढं जमलं नाही तर माणूस फुलबे कसला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "अन्‌ रोज ह्यो बाहेर गेला की दोन बादल्या वतून जिना कोण धुतं? मला दिसत नाय व्हय?"

मी धुवत होते. सोवळ्याच्या घरात कोण कुठला माणूस ये-जा करतो, म्हणून पहिल्या दिवसापासून धुवत होते. स्वतःचं पाणी स्वतःच ओतून मी त्याच्यावर आळ घेतला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहा म्हणाले, तेही भिंतीकडे बघत.

तो राहिला. प्रबंध दिला, मायदेशी गेला. जाईपर्यंत माझ्याशी पूर्वीइतकाच अदबीनं वागला. आता दिवाळीला न चुकता त्याचा फोन येतो. सासूबाई कशा आहेत, त्यांचे गुडघे कसे आहेत, पाणी येतं का, सगळं विचारतो. मी कान देऊन त्याच्या आवाजात राग शोधते. सापडत नाही. दुखणं दिसू न देणाऱ्या माणसानं मला माफ केलंय की अजून सोसतोय, हे मला कळायला मार्ग नाही. विचारायचं म्हणजे मला आधी चुकले म्हणावं लागेल, आणि ते मी अजून म्हटलेलं नाही.